बाथचं रॉयल क्रेसेंट : तीस घरं, एक दर्शनी भिंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्लंडात मुलाकडे-मुलीकडे राहायला आलेले किंवा लंडनहून एका दिवसाची सहल काढून बाथला पोचलेले मराठी पाहुणे रॉयल क्रेसेंटसमोर आले की आधी फोटो काढतात आणि मग विचारायला लागतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही इमारत मला फार प्रिय आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. जिथे सांगण्यासारखं थोडं आहे तिथे थोडक्यात आटोपलं आहे.

हा राजवाडा आहे का?

नाही. लांबून तसा भास होतो आणि तो व्हावा म्हणूनच हे असं बांधलं आहे. प्रत्यक्षात ही एकमेकांना चिकटून उभी असलेली ३० घरं आहेत. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा, तळघर वेगळं, जिना वेगळा; दोन घरांच्या मधली भिंत तेवढी सामाईक. ही ओळ सरळ न जाता अर्ध्या लंबवर्तुळात वळते. बाक सुमारे ५०० फुटांचा आहे आणि त्याचं तोंड दक्षिणेच्या उताराकडे आहे. चंद्रकोरीसारखी (इंग्रजीत 'क्रेसेंट') वळणारी अशी घरांची रांग इंग्लंडात पहिल्यांदा उभी राहिली ती इथेच, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पुढे बक्स्टन, लंडन, ब्रायटन अशा अनेक ठिकाणी तिची अनुकरणं झाली.

कोणी बांधलं आणि कधी?

आराखडा धाकट्या जॉन वुडचा. काम १७६७ मध्ये सुरू झालं आणि १७७४ च्या सुमारास पुरं झालं.

धाकट्याची गोष्ट थोरल्यापासून सुरू होते. थोरला जॉन वुड हाही वास्तुरचनाकार, आणि बाथचा नकाशा बदलायची जिद्द त्याची. १७२८ पासून त्याने क्वीन स्क्वेअर हा चौक बांधला. त्याच्या उत्तरेच्या बाजूला त्याने वेगवेगळी घरं एका दर्शनी भिंतीमागे अशी बसवली की समोरून एकच महाल दिसावा. १७५४ मध्ये त्याने 'सर्कस' या वर्तुळाकार वसाहतीचं काम सुरू केलं आणि त्याच वर्षी तो वारला. मुलाने ते १७६८ पर्यंत तडीला नेलं. तिथली ३३ घरं तीन कमानदार तुकड्यांत उभी आहेत आणि आतल्या बाजूला एकावर एक डोरिक, आयोनिक, कोरिंथियन असे तीन प्रकारचे स्तंभ आहेत. सर्कस फार सुंदर आहे, पण बंदिस्त. त्यातली घरं एकमेकांकडे बघत बसतात. मुलाने पुढच्या कामात ते वर्तुळ उघडलं आणि घरांना डोंगरउतार आणि आकाश बघायला लावलं. माझ्या मते बापापेक्षा मुलगा इथे पुढे गेला.

'रॉयल' हे नाव कशामुळे?

आधी याला नुसतं 'द क्रेसेंट' म्हणत. राजा तिसऱ्या जॉर्जचा मुलगा, ड्यूक ऑफ यॉर्क फ्रेडरिक, इथे राहून गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीला नावाला 'रॉयल' जोडलं गेलं आणि तेच टिकलं.

एवढी भारी घरं बाथमध्येच कशासाठी?

गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे. साधारण ४६ अंश सेल्सियसचं पाणी इथे जमिनीतून अखंड वर येतं. रोमन लोकांनी त्यावर स्नानगृहं बांधली, आणि अठराव्या शतकात इंग्रज बडी मंडळी संधिवातापासून पोटाच्या तक्रारींपर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून ते पाणी प्यायला आणि त्यात बसायला यायची. औषधाच्या निमित्ताने आलेले लोक नाच, पत्ते आणि सोयरिकी यांसाठी मुक्काम लांबवायचे. हा हंगाम काही महिन्यांचा. त्या काळापुरतं प्रतिष्ठेला शोभेल असं घर भाड्याने हवं असायचं. रॉयल क्रेसेंटमधली बरीच घरं त्या गिऱ्हाइकासाठी बांधली गेली.

सगळी घरं हुबेहूब सारखी कशी? एकाच मालकाची होती का?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि या इमारतीचं मर्म इथे आहे.

मालक एक नव्हता. वुडने गॅरार्ड कुटुंबाकडून जमीन घेतली, दर्शनी भिंत पूर्ण रेखाटली, आणि मग तिचे तुकडे पाडले. कापडाच्या दुकानात वारावर कापड घ्यावं तशी गिऱ्हाइकाने दर्शनी भिंतीची लांबी विकत घ्यायची. ती भिंत वुडच्या रेखाटनाबरहुकूम, रेसभर फरक न करता उभारायची. तिच्यामागे मात्र आपला स्वतःचा वास्तुरचनाकार, आपला गवंडी, आपल्या सोयीच्या खोल्या. काही ठिकाणी दोन घरांची वाटणारी जागा आतून एकच घर आहे.

पैशाची व्यवस्थाही समजून घ्यायला हवी. त्या काळी अशा जागा सहसा ९९ वर्षांच्या आसपासच्या भाडेपट्ट्याने दिल्या जात. जमिनीचं भाडं सुरुवातीला, म्हणजे घर उभं राहीपर्यंत, नाममात्र असे. बांधणारा बहुतेक वेळा स्वतःच गवंडी, सुतार किंवा शिशाचं काम करणारा कारागीर असायचा. तो उसनवारीवर आणि एकमेकांच्या कामाच्या अदलाबदलीवर घर उभं करायचा आणि हंगामी भाडेकरू किंवा गिऱ्हाईक शोधायचा. म्हणजे ही महालासारखी ओळ कुठल्या सरदाराच्या तिजोरीतून आलेली नाही. ती अनेक लहानमोठ्या व्यवहारांची बेरीज आहे आणि त्या सगळ्या व्यवहारांत एक अट समान आहे : समोरची भिंत सगळ्यांची.

आपल्याकडे पुनर्विकासाच्या सभेत गॅलरीच्या जाळीच्या रंगावर एकमत करताना दमछाक झालेल्या कुणालाही या अटीची किंमत लगेच कळेल. वुडचं कसब रेखाटनात होतं तितकंच करारनाम्यात होतं, असं मी ठामपणे मानतो.

मग मागची बाजू कशी आहे?

जरूर बघा. क्रेसेंट लेन नावाची गल्ली मागून जाते. तिथे उभं राहिलं की पुढच्या शिस्तीचा मागमूस नाही. एका घराची मागची भिंत पुढे आलेली, शेजारची आत गेलेली. छपरांच्या उंच्या वेगळ्या, खिडक्यांच्या ओळी एकमेकींशी जुळत नाहीत, कुठे अर्धगोल बाहेर काढलेला, कुठे नंतर जोडलेली न्हाणीघरं आणि नळ. पुढचा दगड काटेकोर घडवलेला, तर मागे बऱ्याच ठिकाणी साधी, ओबडधोबड दगडांची चिणाई.

काही पाहुण्यांना हे बघून फसवल्यासारखं वाटतं. मला ही बाजू तितकीच खरी वाटते. जे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतं ते सर्वांच्या मालकीचं समजून सांभाळायचं, आणि जे घरच्यांना लागतं ते घरच्यांनी ठरवायचं, ही वाटणी त्या भिंतीच्या दोन बाजूंवर उघड लिहिलेली आहे.

समोर उभं राहून नेमकं काय बघायचं?

खालून वर बघत जा.

तळमजला अगदी साधा आहे. गुळगुळीत भिंत, सरळ चौकटीचे दरवाजे-खिडक्या, नक्षी जवळजवळ नाही. ती मुद्दाम टाळली आहे. हा मजला म्हणजे वरच्या मजल्यांचा चौथरा.

त्या चौथऱ्यावर स्तंभ उभे आहेत. एकूण ११४. सगळे आयोनिक, म्हणजे शीर्षावर दोन्ही बाजूंना गुंडाळीसारखी वळणं असलेले. ते भिंतीपासून सुटे नाहीत, अर्धवट भिंतीत बसलेले आहेत. जाडी सुमारे ३० इंच, आणि प्रत्येक स्तंभ पहिला व दुसरा असे दोन मजले एका दमात चढून जातो. ही युक्ती महत्त्वाची आहे. सर्कसमध्ये मजल्यागणिक स्तंभांची वेगळी रांग आहे, त्यामुळे डोळा थांबत थांबत वर जातो. इथे दोन मजल्यांना एकच उंच स्तंभ असल्यामुळे मजले विरघळतात आणि ३० घरांची एक इमारत होते. सोळाव्या शतकातला इटालियन वास्तुकार पॅलॅडिओ याच्या पठडीतली ही रीत.

स्तंभांच्या डोक्यावर आडवा जाड पट्टा अखंड धावतो, त्यावर पुढे आलेला कंगोरा आणि मग दगडी कठडा. कठड्यामागे उतरतं छप्पर आणि त्यात नोकरांच्या खोल्यांच्या छोट्या खिडक्या. रस्त्यावरून त्या अर्ध्याच दिसतात.

आता एक गंमत. मध्यावर या. एवढ्या लांब इमारतीला मधोमध त्रिकोणी शिखर किंवा घुमट असेल अशी अपेक्षा असते. वुडने काहीच केलेलं नाही, फक्त १६ क्रमांकाच्या घरापाशी स्तंभ जोडीने उभे केले आहेत आणि त्यांच्या मधल्या खिडकीला कमान दिली आहे. पुष्कळ लोक ते न बघताच पुढे जातात. एकदा दिसलं की मग सगळा बाक त्या बिंदूभोवती तोललेला जाणवतो. इतक्या कमी खुणेवर एवढी मोठी रचना तोलून धरायला हिंमत लागते.

आणि दगडांमधल्या दरजा जवळ जाऊन बघा. चुन्याची रेघ इतकी बारीक की दोन हात लांबून भिंत एकाच दगडाची वाटते.

चंद्रकोरच का? सूर्य-चंद्राचं काही प्रतीक आहे म्हणतात.

थोरल्या वुडला प्राचीन ब्रिटनच्या ड्रुइड पुजाऱ्यांचं वेड होतं. १७४० मध्ये त्याने स्टोनहेंजची मोजणीही केली होती. त्यावरून सर्कस म्हणजे सूर्य आणि क्रेसेंट म्हणजे चंद्र असं सांगायची पद्धत पडली आहे. गोष्ट म्हणून छान आहे. पण जागेवर उभं राहिल्यावर मला साधं कारण पटतं : उतारावर आत वळलेली ओळ ठेवली की जास्तीत जास्त घरांना देखावा मिळतो, आणि समोरून येणाऱ्याला संपूर्ण दर्शनी भिंत एका नजरेत दिसते.

येण्याची वाटही वुडने विचार करून आखली. सर्कसकडून ब्रॉक स्ट्रीटने चालत या. दोन्ही बाजूंची घरं साधी, पुढे काय आहे याचा पत्ता लागत नाही, आणि रस्ता संपता संपता अचानक सगळं उघडतं. गाडीने थेट समोर उतरू नका, एवढी विनंती.

हा मधाच्या रंगाचा दगड कुठला?

त्याला बाथ स्टोनच म्हणतात. तो चुनखडक आहे. भिंगातून पाहिलं तर माशांच्या अंड्यांसारखे बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी वाळूच्या कणांभोवती किंवा शंखांच्या कपच्यांभोवती चुन्याचे थर बसत गेले आणि ते दाणे तयार झाले. वय साधारण १६.५ ते १७ कोटी वर्षं. भूशास्त्राच्या कालगणनेत त्या काळाला 'बाथोनियन' असं नावच बाथवरून पडलं आहे. इंग्लंडच्या भूशास्त्राचा जनक मानला जाणारा विल्यम स्मिथ यानेही खडकांच्या थरांचा क्रम पहिल्यांदा १७९९ मध्ये याच शहरात मांडला.

आपला सह्याद्रीचा काळा पाषाण याच्या तुलनेत तरुण आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांचा. पण स्वभाव अगदी उलट. बेसॉल्टवर पाथरवटाची छिन्नी बोथट होते. बाथचा दगड खाणीतून ओला निघतो तेव्हा करवतीने कापता येतो, आणि कुठल्याही दिशेने कापला तरी फुटत नाही. सुकत गेला की पृष्ठभाग कडक होतो. म्हणून एवढे गोलसर स्तंभ आणि इतके नेमके कोन मोठ्या संख्येने आणि परवडेल अशा खर्चात निघू शकले.

या दगडाचा धंदा उभा केला राल्फ ॲलन याने. टपालव्यवस्था सुधारून त्याने पैसा कमावला आणि तो कूम डाउनच्या खाणींत घातला. १७२७ मध्ये एव्हन नदी ब्रिस्टलपर्यंत होड्यांसाठी खुली झाली होती. ॲलनने १७३१ मध्ये खाणीपासून नदीपर्यंत लाकडी रुळांची वाट टाकली. दगडाने भरलेल्या गाड्या उतारावरून आपल्या वजनाने खाली यायच्या आणि रिकाम्या गाड्या घोडे वर ओढायचे. लंडनच्या बांधकामांसाठी हा दगड खपवायचा त्याचा प्रयत्न होता, तेव्हा विरोधकांनी या दगडाची तुलना चेशायरच्या चीजशी केली होती. ॲलनने उत्तर म्हणून थोरल्या वुडकडून स्वतःसाठी प्रायर पार्क हा प्रचंड वाडा याच दगडात बांधून घेतला आणि शहराच्या डोक्यावर कायमची जाहिरात उभी केली. ॲलन १७६४ मध्ये गेला. क्रेसेंट त्याने पाहिलं नाही, पण त्याच्या खाणींशिवाय ते झालं नसतं.

त्या खाणींचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. जमिनीखाली दगडाचे खांब ठेवून बाकीचा दगड काढला जायचा. नंतर ते खांबही कोरून नेले गेले. वर कूम डाउन हे गाव वसलेलं. गावाखालची पोकळी धोक्याची झाली, तेव्हा २००५ ते २०१० या काळात सरकारी खर्चाने तिच्यात फेसाळ काँक्रीट भरण्यात आलं.

दगड इतका मऊ, तर अडीचशे वर्षं टिकला कसा? आणि मधेच काळा का दिसतो?

टिकला तो तीन गोष्टींमुळे.

पहिली, दगड खाणीत ज्या थरात पडून होता तसाच आडवा भिंतीत बसवणं. थर उभा बसवला तर पावसाने आणि थंडीने त्याचे पापुद्रे सुटतात. जाणकार गवंडी दगड हातात घेताच थर ओळखतो.

दुसरी, पाणी झटकण्याची व्यवस्था. वरचा पुढे आलेला कंगोरा शोभेचा आहेच, पण पावसाचं पाणी भिंतीपासून दूर टाकणं हे त्याचं खरं काम. बाथमधल्या अशा घरांत कठड्यामागच्या पन्हळीतलं पाणी सहसा शिशाचा पत्रा मारलेल्या पन्हळीने छपराच्या पोटातून मागच्या बाजूला नेलेलं असतं, म्हणजे दर्शनी भिंतीवर नळ लटकत नाहीत. ही पन्हळ तुंबली की घराचं दुखणं सुरू होतं.

तिसरी, चुना. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ असते. भिंतीत शिरलेला ओलावा दरजेतून बाहेर पडतो, आणि झिजायचं ते दरज झिजते. विसाव्या शतकात इंग्लंडभर जुन्या भिंतींच्या दरजा सिमेंटने भरण्याची लाट आली. सिमेंट दगडापेक्षा टणक आणि ओलाव्याला वाट न देणारं. मग पाणी दगडातून बाहेर पडायला लागलं, थंडीत गोठलं, आणि दगडाचा चेहराच निखळून पडला, दरज मात्र जशीच्या तशी. जुन्या भिंतीत सिमेंट घालू नका हे वाक्य इंग्लंडाइतकंच वाई-साताऱ्याच्या वाड्यांनाही लागू आहे. आपला दगड कठीण असला तरी आपल्या जुन्या भिंतीही चुन्यावरच उभ्या आहेत.

काळेपणाचं कारण कोळशाचा धूर. धुरातला गंधकाचा वायू ओलाव्याबरोबर चुनखडकावर काम करतो आणि पृष्ठभागावर जिप्समची खपली तयार होते. त्या खपलीत काजळी अडकते. पाऊस थेट लागतो तो भाग धुऊन निघतो आणि फिकट राहतो. कंगोऱ्याखाली, स्तंभशीर्षाच्या वळणांत, जिथे पाऊस पोचत नाही तिथे काळा थर साठतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळं बाथ असं काळवंडलेलं होतं. साफसफाईत पाण्याची बारीक फवार आणि मऊ ब्रश वापरणं हे सुरक्षित. वाळूचा जोरदार मारा केला तर काळ्या खपलीबरोबर दगडाची कडक झालेली त्वचाही जाते आणि आतला मऊ भाग उघडा पडतो.

आतून घर कसं असतं?

साधारण मांडणी अशी : प्रत्येक मजल्यावर पुढे एक मोठी खोली, मागे एक, आणि बाजूने जिना. तळमजल्यावर जेवणघर आणि बैठक. पहिल्या मजल्यावर मुख्य दिवाणखाना, कारण तिथली उंची आणि देखावा सर्वांत चांगला. वर झोपायच्या खोल्या, पोटमाळ्यावर नोकर. तळघरात स्वयंपाकघर आणि मोरी. रस्ता आणि घर यांच्यामध्ये खोल चर सोडलेला असतो, त्यातून तळघराला उजेड मिळतो. फुटपाथखाली कोळशाच्या कमानदार कोठ्या असतात. म्हणजे आपण ज्या रस्त्यावर उभे असतो तो पुष्कळसा भराव टाकून उंच केलेला आहे.

१ क्रमांकाचं घर संग्रहालय आहे. 'बाथ प्रिझर्व्हेशन ट्रस्ट' ही १९३४ साली स्थापन झालेली संस्था ते चालवते. १९७० मध्ये ते लोकांसाठी उघडलं आणि नोकरांच्या कामाचा शेजारचा भाग पुन्हा जोडून २०१३ मध्ये नव्याने खुलं झालं. वरच्या दिवाणखान्यातून थेट तळघरात उतरा. वरच्या चहाच्या कपामागे खाली किती पावलं, किती बादल्या आणि किती कोळसा होता ते त्या जिन्यावर कळतं.

खिडक्या बुजवलेल्या दिसतात, त्या करामुळे का?

इंग्लंडात १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता हे खरं, आणि काचेवरही वेगळा कर होता. पण जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकाच्या आसपास जॉर्ज राजांच्या काळात बांधलेल्या, घरांतल्या अनेक आंधळ्या खिडक्या मुळातच तशा बांधलेल्या असतात. आत धुराडं किंवा भिंत असते, बाहेर मात्र ओळ बिघडू नये म्हणून खिडकीचा आकार ठेवतात.

इथे बघण्यासारखी दुसरी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक मालकांनी पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांचा खालचा काठ कापून त्या लांब केल्या आणि बारीक तावदानांच्या जागी मोठ्या काचा बसवल्या. १ क्रमांकाच्या जीर्णोद्धारात खिडक्या जुन्या मापाला परत आणल्या. शेजारी शेजारी तुलना करा, भिंतीचं प्रमाण किती बदलतं ते दिसेल.

समोरची हिरवळ खासगी आहे का?

वरची, घरांच्या पुढ्यातली हिरवळ रहिवाशांची. खालची सार्वजनिक बागेचा भाग. दोन्हींच्या मध्ये कुंपण दिसत नाही, पण आहे. त्याला 'हा-हा' म्हणतात : एका बाजूने चर खणून त्यात दगडी भिंत अशी बांधायची की तिचा माथा वरच्या जमिनीच्या पातळीत यावा. खालून चरणारी गुरं वर येऊ शकत नाहीत, आणि वरून बघणाऱ्याला हिरवळ अखंड वाटते.

समोरचं रान मोकळं राहणं हा इथल्या घरांच्या किमतीचाच भाग होता. १८३० मध्ये जवळच रॉयल व्हिक्टोरिया पार्क झालं. ११ वर्षांच्या राजकन्या व्हिक्टोरियाने त्याचं उद्घाटन केलं. पुढ्यातला उतार आजवर बांधकामातून वाचला, म्हणून क्रेसेंट आजही क्रेसेंट आहे. तिथे एक इमारत आली असती तर हे ११४ स्तंभ शेजारच्या मोरीच्या खिडक्यांकडे बघत उभे राहिले असते.

युद्धात नुकसान झालं का?

हो. एप्रिल १९४२ च्या अखेरीस जर्मन विमानांनी बाथवर बाँब टाकले. शहरात चारशेहून अधिक माणसं मेली. क्रेसेंटमधली २ आणि १७ क्रमांकाची घरं आतून जळून गेली. ती नंतर पुन्हा उभी केली. आज ओळीत बघून त्यांना वेगळं काढता येत नाही.

मालकाला आपल्या दाराचा रंगही बदलता येत नाही, हे खरं का?

संपूर्ण इमारतीला 'ग्रेड १' हा सर्वोच्च संरक्षित दर्जा आहे आणि बाथ शहर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. संरक्षित इमारतीचं रूप बदलणारा फेरफार परवानगीशिवाय केला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो, मग फेरफार आतला का असेना.

दाराची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला २२ क्रमांकाच्या मालकीणबाईंनी दार पिवळं रंगवलं. बाकीची दारं पांढरी. नगरपालिकेने नोटीस काढली, बाई हटल्या नाहीत, प्रकरण थेट मंत्र्यांपर्यंत गेलं आणि निकाल बाईंच्या बाजूने लागला. मला विचाराल तर एका पिवळ्या दाराने काही बिघडलेलं नाही. दगड, खिडक्या आणि कंगोरा यांना मात्र हात लावू देता कामा नये.

एवढा पैसा कुठून आला? आपल्याकडचा आहे का त्यात?

काही प्रमाणात नक्कीच. अठराव्या शतकात बाथला येणाऱ्या श्रीमंतांत कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे चालवणारे होते आणि ईस्ट इंडिया कंपनीत गब्बर होऊन परतलेलेही होते. रॉबर्ट क्लाइव्हने सर्कसमध्ये १४ क्रमांकाचं घर घेतलं होतं. जमैकातल्या मळ्यांवर पोसलेला विल्यम बेकफर्ड पुढे बाथमधल्याच लॅन्सडाउन क्रेसेंटमध्ये राहिला. दगडाचं सौंदर्य यामुळे कमी होत नाही, पण पुढ्यात उभं राहताना हे ठाऊक असणं मला आवश्यक वाटतं. निदान आपल्याला तरी.

इथे राहून गेलेलं कोणी आपल्या परिचयाचं?

सर आयझॅक पिटमन. ज्यांच्या घरात कुणी स्टेनोग्राफर होऊन गेलं असेल त्यांना हे नाव पाठ असेल. इंग्रजी लघुलेखनाच्या पिटमन पद्धतीवर मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत कित्येकांचा संसार चालला. ते शेवटच्या दिवसांत १७ क्रमांकात राहत होते आणि १८९७ मध्ये वारले. दारापाशी फलक आहे. याशिवाय गायिका एलिझाबेथ लिन्ली १७७२ मध्ये ११ क्रमांकाच्या घरातून नाटककार शेरिडनबरोबर पळून गेली. तेव्हा या ओळीचं सगळं कामही पुरं झालेलं नव्हतं.

मुंबईत या धर्तीचं काही आहे का?

फोर्टमधलं हॉर्निमन सर्कल. १८६० च्या दशकात चार्ल्स फॉर्जेटच्या पुढाकाराने, टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानाभोवती ते आखलं गेलं आणि १८७२ पर्यंत आकाराला आलं. जेम्स ट्रुबशॉचा आराखडा. तिथेही जागा तुकड्यांनी व्यापारी कंपन्यांना विकली, पण दर्शनी भिंत वळणाबरोबर एकसारखी ठेवली, मधे बाग. जुनं नाव एल्फिन्स्टन सर्कल; स्वातंत्र्यानंतर 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं. फरक असा की तिथे खाली कमानींची सावली आहे, जी मुंबईच्या उन्हापावसात हवीच, आणि वर घरं नसून कचेऱ्या. बाथला यायला जमत नसेल तर एखाद्या रविवारी सकाळी तिथे जा आणि कमानींखालून पूर्ण फेरी मारा.

बाथमध्ये आणखी काय बघावं?

कॅमडेन क्रेसेंट. १७८८ च्या सुमारास सुरू झालेली ही ओळ पूर्वेकडची जमीन खचल्याने अपुरीच राहिली, त्यामुळे तिचा मध्य आता मध्यावर नाही. रॉयल क्रेसेंटच्या वाट्याला कसली जमीन आली होती हे तिथे समजतं. लॅन्सडाउन क्रेसेंट अधिक शांत आहे, पुढे मेंढ्या चरताना दिसू शकतात.

जे बघता येणार नाही तेही सांगतो. १९६० आणि ७० च्या दशकांत क्रेसेंट आणि सर्कस जपत असतानाच या शहराने गवंडी, सुतार, धोबी यांच्या साध्या जॉर्जियन घरांच्या गल्ल्याच्या गल्ल्या पाडल्या. तोच दगड, तीच चुन्याची दरज, फक्त स्तंभ नव्हते. ज्यांनी क्रेसेंट बांधलं त्यांची घरं गेली, याचा मला आजही राग येतो. लोकांनी ओरड केल्यावर पाडापाडी थांबली, पण तोवर फार काही गेलं होतं.

कसं जायचं? किती वेळ ठेवायचा?

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून बाथ स्पा स्थानक साधारण दीड तास. तिथून क्रेसेंट चालत वीसेक मिनिटं, चढाचा रस्ता आहे. गुडघे दुखत असतील तर टॅक्सीने सर्कसपर्यंत जा आणि तिथून ब्रॉक स्ट्रीटने चाला. संग्रहालयासकट निदान तीन तास ठेवा. प्रकाशासाठी दुपार उलटल्यानंतरची वेळ चांगली, दगड तेव्हा खुलतो.

हिरवळीवर बसून डबा खाल्ला तर चालतो का?

खालच्या हिरवळीवर खुशाल. वरची रहिवाशांची आहे, तिथे शिरू नका. कचरा सोबत परत न्या, आणि फोटोसाठी कुणाच्या दाराच्या पायऱ्यांवर बसू नका. आत माणसं राहतात. ओळीतली बरीच घरं आता फ्लॅटमध्ये विभागलेली आहेत, काही अजून पूर्ण घरं आहेत, मधल्या भागात हॉटेल आहे.